वाटणीच्या तारा

आमच्या माजघरात घरघर करणाऱ्या वस्तू दोन. एक आईचं जातं आणि दुसरा माझा कॉम्प्युटर. आई १९९१ साली गेली, तेव्हापासून जातं गप्प आहे. कॉम्प्युटर मात्र सकाळी बटण दाबल्यापासून रात्री निजेपर्यंत घरघरत असतो. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तो आला २०२२ च्या पावसाळ्यात, आणि असा आला की त्यापायी मी एका सज्जन पोराला भर दुकानात चोर ठरवून मोकळा झालो.

आधी थोडं माझ्याविषयी सांगतो. मी टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली. १९७२ साली चिकटलो आणि २०१० साली सुटलो. खांबावर चढलो, केबलच्या खड्ड्यात उतरलो, ट्रंक बोर्डावर रात्रपाळ्या केल्या. त्यामुळे 'तार म्हटली की ती आपल्याला कळते' असा एक गर्व अंगात मुरलेला होता. निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, मी कॉम्प्युटरला लागलो. २०१९ साली नातवाच्या हट्टापायी एक यंत्र जुळवून घेतलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, सगळं वेगवेगळं विकत घेऊन जोडलेलं.

आता आईविषयी. आईचं माहेर हुक्केरी तालुक्यातलं, घरात कानडी. लग्न होऊन ती बेळगावात आली ती आमच्या मराठी घरात. पहाटे दळायला बसली की ती मराठी ओव्या म्हणायची, आणि मध्येच, बहुधा माहेरची आठवण झाली की, 'बीसुकल्लिन पद' सुरू व्हायचं. ओवी कुठं संपली आणि पद कुठं सुरू झालं हे आम्हा पोरांना कळायचंही नाही. जात्याची घरघर तीच असायची. १९८७ साली मी एका मित्राचा टेपरेकॉर्डर आणून तिचं हे गाणं टिपून घेतलं. ती लाजत होती. 'दळण नसताना कसं रे म्हणू?' म्हणाली. मग पायलीभर जोंधळे आणले तेव्हा गायली. चार कॅसेटी भरल्या. २००९ साली पुतण्यानं त्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या, आणि ते बरं झालं, कारण पुढं कॅसेटींना बुरशी लागली. म्हणजे आईचा आवाज उरला तो एका हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत करायची करायची म्हणता राहून गेली. तुमच्याही घरी असं एखादं 'राहून गेलेलं' असेलच.

तर २०२२ साली गणपतीच्या आधी पुतण्या आला आणि म्हणाला, "काका, तुमचं यंत्र चालू होईस्तोवर चहा उकळून होतो. एक एस.एस.डी. बसवून घ्या." मी यंत्र रिक्षात घालून बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकान सांभाळणारा पोरगा पंचविशीचा, मातृभाषा कानडी, पण मराठी आपल्यासारखीच. त्यानं च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक चकती, तिला एम.२ म्हणतात, बोर्डावरच्या खाचेत बसवली, एक स्क्रू पिळला, सगळी व्यवस्था त्या चकतीवर नव्यानं घातली. यंत्र चालू केलं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत पडदा हजर. सणाची गर्दी होती. पैसे दिले, घरी आलो.

संध्याकाळी आईचं गाणं लावायला गेलो तर ती डिस्कच नाही. झाकण उघडून पाहिलं, डिस्क जागेवर होती, तार होती. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती. माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी फळीवर जाऊन बसलो आणि पोरगा आल्याबरोबर तोंड सोडलं. "माझी चांगली डिस्क काढून मेलेली बसवलीस" इथपर्यंत बोललो. तो सारखा "इल्री काका, नाही वो, मी त्या डिस्कला हातसुद्धा लावला नाही" म्हणत होता. दोन गिऱ्हाइकं आली, माझं बोलणं ऐकून आल्या पावली परत गेली. "यंत्र ठेवून जावा, मी बघतो," असं तो म्हणाला. मी म्हणालो, "आणखी काय काढून घ्यायचं राहिलंय?" आणि तरातरा घरी आलो.

त्या रात्री झोप आली नाही. बोर्डाच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका असते. आपण ती कधी उघडत नाही. भिंग घेऊन बसलो. विसाव्या-बाविसाव्या पानावर एक लहानसा तक्ता होता, त्याखाली मुंगीच्या अक्षरात एक ओळ. मतलब असा : एम.२ च्या खाचेत चकती बसवल्यास साटा ५ आणि साटा ६ ही जोडणीची तोंडं बंद होतील.

माझी डिस्क पाच नंबरच्या तोंडाला होती.

आता ही तोंडं बंद का व्हावीत? बोर्डावर खाच वेगळी दिसते, तोंडं वेगळी दिसतात, एकमेकांपासून वीतभर दूर. पण दिसणं आणि असणं यांत फरक आहे, हे टेलिफोनवाल्याला तरी कळायला हवं होतं. मी कामाला लागलो, आणि पुढच्या काही दिवसांत वाचून, विचारून जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

प्रोसेसर आणि बाकीची मंडळी यांच्यामधल्या वाटेला 'लेन' म्हणतात. बेळगावकराला लेन म्हटली की गल्लीच आठवते, आणि ते चूक नाही. एका लेनमध्ये तारांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी जायला, एक जोडी यायला. ही पी.सी.आय. एक्स्प्रेस नावाची पद्धत २००३ साली आली. त्याआधी १९९२ पासून जी पी.सी.आय. पद्धत होती, तिच्यात सगळ्या स्लॉटांना मिळून एकच रस्ता. सेकंदाला १३३ मेगाबाइट, आणि ते सगळ्यांनी वाटून घ्यायचे. एक बोलत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमच्या खात्यात याला 'पार्टी लाइन' म्हणत. नव्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र गल्ली मिळाली. २००३ साली एका लेनमधून एका दिशेनं सेकंदाला २५० मेगाबाइट जात. २०१० च्या तिसऱ्या पिढीत जवळजवळ १ गिगाबाइट जाऊ लागले आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाचव्या पिढीत जवळजवळ ४.

मग सगळ्यांना हव्या तेवढ्या लेन का देत नाहीत? कारण प्रत्येक लेनचे चार धागे अखेर प्रोसेसरच्या पोटात शिरायला हवेत. माझ्या प्रोसेसरची बैठक एएम-४ जातीची. तिला १,३३१ पाय असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यांतले कितीतरी वीज आणण्यात, कितीतरी मेमरीला जोडण्यात खर्ची पडतात. शिवाय हे धागे बोर्डावर जपून, मोजूनमापून ओढावे लागतात. जरा लांबले की सूर पडतो. म्हणून गल्ल्या मोजक्याच.

माझ्या रायझन प्रोसेसरला अशा चोवीस लेन. त्यांतल्या सोळा ग्राफिक्स कार्डाच्या मोठ्या स्लॉटला. तो घरचा थोरला. चार त्या एम.२ च्या खाचेला. आणि उरलेल्या चार चिपसेटला. हा चिपसेट म्हणजे बोर्डावर खालच्या अंगाला बसलेला कारभारी. पूर्वी बोर्डावर असे दोन कारभारी असत, नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज. थोरल्याकडं मेमरी आणि ग्राफिक्स, धाकट्याकडं बाकीची किरकोळ कामं. पुढं थोरल्याचं काम हळूहळू प्रोसेसरनंच पोटात घेतलं. २००३ साली एका कंपनीनं मेमरीचं घेतलं, २००९ पर्यंत दुसऱ्या कंपनीनं ग्राफिक्सच्या लेनसुद्धा. उरला एकच कारभारी. लहान स्लॉट, साटाची चार तोंडं, नेटवर्कची तार, यू.एस.बी.ची पुष्कळ भोकं, हे सगळं तो सांभाळतो. पण तो स्वतः प्रोसेसरशी बोलतो ते त्या चार लेनमधूनच. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ गिगाबाइट. त्याच्या मागं कितीही मंडळी असोत, वर जायची वाट तेवढीच.

हे वाचताना मी एकदम १९७६ सालात गेलो. तेव्हा माझी बदली तंबाखूच्या पेठेच्या एका गावी झाली होती. एक्स्चेंज लहान. गावात सत्तर टेलिफोन आणि बाहेर जाणाऱ्या लाइनी तीन. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांना एकाच वेळी कोल्हापूर, पुणे, मुंबई हवं असायचं. कुणी अर्जंट कॉल लावायचा, कुणी लाइटनिंग. तरी लाइनी तीनच. एक व्यापारी तावातावानं आत शिरला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, "त्या अमक्याकडून पैसे खाऊन त्याला लाइन देतोस." मी सांगत होतो, "मालक, लाइनी तीनच आहेत वो." तो म्हणाला, "मग सत्तर टेलिफोन दिलेत कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी जेवलो नव्हतो, हे मला अजून आठवतं.

उत्तर तसं होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक गणिती होता. सत्तर माणसं एकाच क्षणी टेलिफोन उचलत नाहीत, हे त्यानं हिशेबात धरलं. किती माणसांना किती लाइनी ठेवल्या तर किती जणांना 'लाइन मोकळी नाही' ऐकावं लागेल, याचं गणित त्यानं १९०९ आणि १९१७ साली मांडलं. जगभरची एक्स्चेंजेस त्या गणितावर उभी राहिली. चिपसेटची गोष्ट तीच. साधी फिरती डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या आतबाहेर देते, घरची नेटवर्कची तार फार तर सव्वाशे. अशी चार-पाच मंडळी एकदम बोलली तरी चार लेन भरत नाहीत. पण तिथंच वेगवान एम.२ चकती चिपसेटच्या मागं बसवली, तर ती एकटीच सेकंदाला तीन-साडेतीन हजार मेगाबाइट मागते. बाजाराच्या दिवशी एका सावकारानं तिन्ही लाइनी अडवाव्यात, तसं ते होतं. म्हणून शहाणा माणूस पहिली चकती प्रोसेसरच्या खाचेत बसवतो. त्या पोरानं माझी तिथंच बसवली होती. काम चोख केलं होतं.

मग माझं पाच नंबरचं तोंड का बंद झालं? तर या जातीच्या प्रोसेसरमध्ये एम.२ साठीच्या ज्या चार लेन आहेत, त्यांतल्या दोन दुहेरी कामाच्या आहेत. त्या लेन म्हणूनही चालतात किंवा दोन साटा तोंडं म्हणूनही. दोन्ही एकदम नाही. सहा साटा तोंडांपैकी पहिली चार चिपसेटची, शेवटची दोन या प्रोसेसरच्या तारांवर उसनी उभी. एम.२ ची खाच रिकामी होती तोवर पाच आणि सहा सुखानं नांदत होती. चकती आली, तिनं आपल्या चारही लेन मागितल्या आणि पाच-सहा उपाशी राहिली. डिस्क मेली नव्हती. तिची वाटच दुसऱ्याकडं गेली होती.

अशा वाटण्या बोर्डावर ठिकठिकाणी असतात. काही भारी बोर्डांवर दोन मोठे स्लॉट प्रोसेसरला जोडलेले असतात. एकच भरला तर त्याला सोळा लेन, दुसरा भरला की आठ-आठ. भावाभावांत वाडा वाटतात तसं. पडवी मधोमध भिंतीनं दुभागते, वाडा मोठा होत नाही. काही स्लॉट दिसायला सोळाचे, पण आत तारा चारच. दार दिंडीचं आणि आत बोळ. बोळातून काम चालत नाही असं नाही. सोळाऐवजी आठ लेन मिळाल्या तर बहुतेक ग्राफिक्स कार्डांना फारसा फरक पडत नाही. पण आपण दार पाहून पैसे मोजलेले असतात. पुढं २०२१-२२ च्या सुमारास आलेल्या नव्या बैठकांमध्ये गल्ल्या वाढल्या आणि रुंदही झाल्या. एकीकडं प्रोसेसरला अठ्ठावीस लेन, दुसरीकडं सोळा आणि चार अशा वीस, शिवाय कारभाऱ्याकडं जाणारी वाट काही बोर्डांवर चारऐवजी आठ पदरांची. पण खाचाही तेवढ्याच वाढल्या. वाटणी संपलेली नाही.

वाटणीत लबाडी आहे का? मला तसं वाटत नाही. खोक्यावर 'साटा सहा, एम.२ दोन' असं मोठ्या अक्षरात छापायचं आणि 'सगळी एकदम नाही' हे आत मुंगीच्या अक्षरात, यात थोडी आहे. ते वर, तितक्याच मोठ्या अक्षरात छापलं असतं, तर मला आणि त्या पोराला ती रात्र काढावी लागली नसती. आम्हीही सत्तर जणांना टेलिफोन देताना 'लाइनी तीन आहेत' असं कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी मी पुन्हा यंत्र रिक्षात घातलं. तार हलवायचं काम पाच मिनिटांचं, घरीच करता आलं असतं. पण ते त्याच दुकानात व्हायला हवं होतं. जिथं बोललो तिथंच ते परत घ्यायला हवं. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. मला पाहून पोरगा उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ते मला जास्त लागलं. मी पुस्तिकेचं पान उघडून काउंटरवर ठेवलं आणि म्हणालो, "बाळा, चूक माझी. काल मी जे बोललो ते या सगळ्यांसमोर परत घेतो."

त्यानं पान पाहिलं आणि म्हणाला, "मलापण रात्री हेच सापडलं वो काका. तुमचा नंबर माझ्याकडं नव्हता." मग थोडं थांबून म्हणाला, "चूक माझीपण आहे. बसवायच्या आधी हे वाचायला पाहिजे होतं मी."

तार पाचावरून दोनावर गेली. यंत्र चालू केलं. डिस्क हजर. मला बोलता येईना. सगळं ठीक आहे ना हे पाहायला त्यानं यादीतली हाताला आली ती फाइल उघडली. आधी नुसती घरघर आली. मग आईचा आवाज. ती नेमकी कानडी पदाची फाइल निघाली. दुकानात बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न आणि आत जात्याची घरघर. पोरगा पेचकस हातात धरून तसाच उभा राहिला. पद संपल्यावर म्हणाला, "आमची अज्जी असंच म्हणायची. शब्द हेच, चाल वेगळी." त्याची अज्जी गोकाककडची. तिचा आवाज कुणी टिपून ठेवला नव्हता.

मग त्यानं न विचारता एक नवी डिस्क काढली आणि सगळ्या फाइलींची दुसरी प्रत करून दिली. पैसे फक्त डिस्कचे घेतले. मी म्हणालो, "तिसरी प्रत तुझ्याजवळ ठेव." त्यानं "हौद्री" म्हणून आपल्या यंत्रावर एक प्रत ठेवून घेतली.

निघताना मी खिशातून कागदाची एक पट्टी काढली. रात्रीच लिहून ठेवली होती. 'एम.२ भरलेली असताना ५ व ६ ही तोंडं वापरू नयेत.' ती मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. पोरानं वाचली, पेन घेतलं आणि खाली तेच कानडीत लिहिलं. "पुढं हे यंत्र कोण उघडंल काय सांगता येतंय, काका," म्हणाला.